खडूची फुली

मिस्त्रीला नावाने हाक मारणारी एकटी त्याची आई होती. ती गेली आणि नावही तिच्याबरोबर गेलं. बायको 'अहो' म्हणायची, धाकटी बहीण 'दादा' म्हणायची, आणि बाकी सगळं गाव, बस कंपनीच्या मालकापासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत, 'मिस्त्री' म्हणायचं. त्याला त्यात काही कमी वाटायचं नाही. उलट कुणी कागदावरून त्याचं पूर्ण नाव वाचलं तर तो इकडेतिकडे बघायचा, हा कोण आणखी म्हणून.

कंपनी आणि मी एकाच वर्षी कामाला लागलो, असं तो सांगायचा, आणि ते खरंच होतं. मोठे मालक तेव्हा मोठे नव्हते आणि मालकही नव्हते. लाकडाच्या वखारीत ट्रक चालवायचे. भंगारात निघालेली एक बस त्यांनी उचलून आणली. इंजिन आणि सांगाडा एवढंच तिच्यात बसचं होतं. बाकी पत्रा, फळ्या आणि खिळे. तेवीस वर्षांचा मिस्त्री शेजारच्या पंपदुरुस्तीच्या दुकानात होता. मालकांनी त्याला विचारलं, "हिला चालती करशील का?" तो म्हणाला, "चालवायचं तुम्ही बघा. थांबवायचं मी बघतो." हे उत्तर मालकांना इतकं आवडलं की पुढे तीस वर्षं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत राहिले, आणि दर वेळी पदरचे दोन शब्द घालत राहिले.

पहिली दोन वर्षं एकच गाडी आणि एकच रस्ता. बाजाराच्या गावाहून घाट चढून वरच्या गावाला जायचं आणि संध्याकाळपर्यंत परत यायचं. मालक चाकावर, मालकीणबाई तिकिटांवर, आणि मिस्त्री मागच्या बाकावर, पान्यांची पिशवी मांडीवर घेऊन. चढाला गाडी दमली की पुरुषांनी उतरून चालायचं. कुणी कुरकुर केली तर मालकीणबाई म्हणायच्या, "तुमचं सामान तर बसूनच चाललंय." लोक हसायचे, नावं ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचे. त्याआधी वरच्या गावात कुणी आजारी पडलं तर चार माणसांनी खाट उचलून घाट उतरायचा, असा हिशेब होता. त्यात निम्मे दवाखान्यात पोचायचे आणि निम्मे वाटेतच सुटायचे. हे ज्यांनी पाहिलं होतं त्यांना फळीचं बाक टोचत नव्हतं.

एकीच्या तीन गाड्या झाल्या तेव्हा फुली जन्माला आली. एका सकाळी एका ड्रायव्हरने स्टिअरिंगची पिन काढून ठेवलेली गाडी चालू केली आणि थेट गेटच्या खांबावर नेऊन घातली. कुणाला लागलं नाही. पण मिस्त्रीने दिवसभर पाण्याशिवाय काही घेतलं नाही, आणि संध्याकाळी दुकानातून खडूची पेटी विकत आणली. नादुरुस्त गाडीच्या पुढच्या काचेवर, ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर, ओल्या खडूने वीतभर फुली. वाळली की ती पांढरीफटक दिसायची. नियम एकच होता: फुली असेल ती गाडी गेटबाहेर जायची नाही, आणि फुली पुसायचा हक्क घालणाऱ्याचा. कागद नाही, सही नाही. तीन ड्रायव्हरांपैकी दोघांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे कागदाचा प्रश्नच नव्हता.

या नियमाची परीक्षा खुद्द मालकांनीच घेतली. एका बड्या घरचं लग्नाचं वऱ्हाड न्यायचं होतं, दारात माणसं ताटकळली होती आणि एक गाडी फुलीची होती. मालकांनी रुमाल काढला आणि काच पुसली. मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. जाऊन गाडीपुढे जमिनीवर बसला, मांडी घालून. मालक हॉर्न वाजवून थकले, मग शिव्या देऊन थकले, आणि शेवटी खाली उतरून त्याच्याजवळ येऊन म्हणाले, "काय आहे हिला?" मिस्त्रीने मागचं चाक काढून दाखवलं. आतला ब्रेकचा पट्टा दोन तुकडे होऊन पडला होता. वऱ्हाड दोन तास उशिरा गेलं, बड्या घराने पुन्हा कधी गाडी सांगितली नाही, आणि मालकांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "खडू बोलला की मीसुद्धा गप्प. कळलं?"

त्या दिवसापासून मिस्त्री ताठ झाला. आता माणसाने ताठ असावं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ताठपणा एकदा अंगात मुरला की वाकायचं कधी हे त्या माणसाला शेजाऱ्याने सांगावं लागतं, आणि मिस्त्रीला सांगण्याची शेजाऱ्यांची छाती नव्हती.

कंपनी वाढली. रस्ता डांबरी झाला तशा गाड्या अकरा झाल्या. घाटापलीकडच्या दोन कंपन्या एकमेकींशी स्पर्धा करता करता बुडाल्या, त्यांच्या गाड्या मोठ्या मालकांनी घेतल्या आणि सगळ्यांना एकच हिरवा रंग दिला. वखारीमागची शेड अपुरी पडली, तेव्हा गावाबाहेर मोठं आवार घेतलं. त्यात गाड्यांखाली उतरून काम करायचे चार खड्डे, टायरची खोली, ड्रायव्हरांना आडवं व्हायला खाटा, आणि कँटीन. वेळापत्रक छापलं गेलं. मुली कॉलेजला जाऊ लागल्या, कारण संध्याकाळी साडेपाचची गाडी येतेच येते, असं त्यांच्या बापांना ठाऊक झालं. वरच्या गावातला भाजीवाला सकाळी नऊला खालच्या बाजारात उभा राहू लागला. एका कंपनीने एका मुलखाला घड्याळ लावलं म्हणतात ते असं. आणि त्या घड्याळाच्या पाठीमागे, तेलात कोपरापर्यंत हात बुडवून, मिस्त्री होता. आता त्याच्या हाताखाली चौदा फिटर होते. पण फुली घालायची आणि पुसायची ती त्यानेच.

बहिणीचं लग्नही त्याने खडूवरच ठरवलं असं म्हणायला हरकत नाही. कंपनीत चाळीस ड्रायव्हर होते. फुली दिसली की अडतीस जण कुरकुरायचे, दोघे गप्प राहायचे. त्या दोघांतला एक बहिरा होता. दुसरा शांत, उंच, हसला की डोळे मिटणारा. तो फुली बघायचा, मान डोलवायचा आणि दुसऱ्या गाडीची किल्ली मागायला जायचा. मिस्त्री घरी आईला म्हणाला, "याला थांब म्हटलं की हा थांबतो. धाकटीला हाच बरा." आई म्हणाली, "नवरा बघतोयस की ब्रेक?" पण लग्न झालं आणि चांगलं निघालं. मिस्त्रीने त्याला दाजी म्हणायला सुरुवात केली. घरं पाच गल्ल्यांच्या अंतरावर. दर रविवारी दाजी, बहीण आणि त्यांची मुलगी मिस्त्रीकडे यायची. मिस्त्रीला मूलबाळ नव्हतं. भाचीने त्याच्या खिशातले खडू पळवायचे आणि त्याने ते पाहिलं नाही असं दाखवायचं, हा ठरलेला खेळ होता.

मोठे मालक गेले आणि धाकटे मालक आले. बाहेर शिकून आलेला हा मुलगा मिस्त्रीच्या कडेवर वाढला होता, त्याला 'काका' म्हणायचा, आणि खरं सांगायचं तर वाईट नव्हता. चार वर्षांत त्याने गाड्या एकशे चारवर नेल्या. एकशे चार गाड्या दोन बायकांनी बादलीने धुवायच्या म्हणजे हसू होतं, म्हणून त्याने धुलाईचं यंत्र आणलं. दोन बाजूंना माणसापेक्षा उंच ब्रश, वरून एक आडवा, आणि मधून गाडी न्यायची. चार मिनिटांत नवी कोरी. धुणाऱ्या दोघी बायकांना कँटीनमध्ये लावलं. गाड्या पहाटे यंत्रातून काढून रांगेत उभ्या करायला कंत्राटी माणूस ठेवला. तो दर महिन्याला बदलायचा.

त्या दोघी बायका फुलीच्या गाडीची पुढची काच धूत नसत. बाकी गाडी लख्ख आणि समोर धुळीचा चौकोन, त्यात फुली. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, वीस वर्षांत त्या आपोआप शिकल्या होत्या. यंत्राला कोण शिकवणार?

धाकट्या मालकांना याची कल्पना असावी, किंवा कुठल्या पुस्तकात त्यांनी वाचलं असावं. यंत्र आलं त्याच महिन्यात त्यांनी लाल पत्र्याच्या पाट्या करून आणल्या. वर अडकवायला हूक. नादुरुस्त गाडीच्या स्टिअरिंगला आतून अडकवायची, आणि सोबत एक छापील कागद भरून ऑफिसात द्यायचा. पाट्यांचा गठ्ठा ते स्वतः वर्कशॉपमध्ये घेऊन आले.

"काका, आता खडू बंद करू या. हे पक्कं काम आहे."

मिस्त्री हात पुसत म्हणाला, "खडूनं कधी दगा दिला?"

"तसं नाही. गाड्या वाढल्या, माणसं वाढली. नवीन माणसाला फुली काय कळणार?"

"ज्याला फुली कळत नाही त्यानं गाडीला हात लावू नये. तुमचे वडील काय म्हणायचे ठाऊक आहे ना?"

ते ठाऊक नसलेला माणूस त्या आवारात नव्हता. धाकटे मालक हसले, गठ्ठा टेबलावर ठेवला आणि गेले. त्यांना वाटलं, म्हातारं माणूस, चार दिवस फुरंगटेल आणि मग लावेल. मिस्त्रीने गठ्ठा उचलून कपाटात सर्वांत वर ठेवला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभ अजून जळलाही नव्हता.

यंत्राला सहा महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. तोवर यंत्रावरची माणसं फुलीची गाडी बाजूला ठेवायची. मिस्त्री रोज पहाटे पाचला गेटवर असायचा. एका सकाळी अठ्ठावीस नंबरची गाडी प्रवासी घ्यायला निघालेली त्याने पाहिली. आदल्या संध्याकाळी त्याने तिच्यावर फुली घातली होती. काच आरशासारखी स्वच्छ होती. त्याने धावत जाऊन गाडी अडवली, ड्रायव्हरला उतरवलं, पुन्हा फुली घातली आणि यंत्रावरच्या कंत्राटी माणसाला गाठून त्याची खरडपट्टी काढली. तो माणूस गोंधळून म्हणाला, "मला वाटलं कुणी पोरानं रेघोट्या ओढल्यात." चार दिवसांनी तो माणूस गेला, दुसरा आला. दुसऱ्याला कुणी काही सांगितलं नाही.

मिस्त्रीने ऑफिसात जायला हवं होतं. तो गेटपासून ऑफिसच्या पायरीपर्यंत गेलाही. पण पायरीवर त्याला धाकट्या मालकांचं उत्तर ऐकू आलं, ते न बोलताच: मग पाट्या लावा ना, काका. तेवढ्यावरून तो परत फिरला. यापुढे मी रोज पहाटे स्वतः रांग तपासीन, असं त्याने मनाशी ठरवलं, आणि खरोखरच तीन आठवडे एकही पहाट चुकवली नाही. त्याला वाटलं, प्रश्न मिटला.

एका सोमवारी संध्याकाळी एकेचाळीस नंबर खड्ड्यावर आली. मागच्या ब्रेकला हवा नेणारा रबरी पाइप जुना झाला होता. दाबला की आतून चिरा दिसायच्या. सपाट रस्त्यावर तो महिना टिकला असता, घाटात एक दिवसही नाही. बदली पाइप भांडारात नव्हता, तालुक्याच्या दुकानात होता. मिस्त्रीने फुली घातली, दोनदा गिरवली, आणि फिटरला म्हणाला, "उद्या पहिल्या गाडीनं मीच जाऊन आणतो. तुम्ही भलताच उचलून आणाल." पहिली गाडी पावणेपाचला निघायची. म्हणजे मंगळवारी पहाटे रांग तपासायला तो असणार नव्हता. हे त्याच्या लक्षात आलं का? आलं. गाडीत बसल्यावर आलं. दोन फुल्या होत्या आवारात त्या दिवशी, आणि दोन्हींना कोण कशाला हात लावतंय, असं म्हणून त्याने डोकं खिडकीला टेकवलं.

मंगळवारी सकाळी दाजींच्या नेहमीच्या गाडीचं चाक बसलेलं निघालं. रांगेत एकेचाळीस उभी होती, धुतलेली, लख्ख. गाड्या वाटून देणाऱ्या कारकुनाने तिची किल्ली दिली. दाजींनी, सवयीप्रमाणे, आधी समोर उभं राहून काच पाहिली. वॉचमनने हे पाहिलं होतं. काचेवर काही नव्हतं. ते चढले, कंडक्टरने घंटी दिली, एकतीस माणसं वरच्या गावापर्यंत सुखरूप गेली. उतरताना तिसऱ्या वळणावर पाइप फुटला.

अकरा माणसं गेली. त्यांत दाजी होते, कंडक्टर होता, आणि नर्सिंगचं शिकणारी एक मुलगी होती, तिचा त्या दिवशी पेपर होता. मिस्त्री तालुक्याहून नवा पाइप पिशवीत घेऊन येत होता तेव्हा घाटाच्या पायथ्याशी त्याची गाडी थांबवली गेली. पुढे रस्ता बंद आहे म्हणाले. त्याने कुठली गाडी एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी धाकटे मालक वर्कशॉपमध्ये आले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्यांनी दार लावून घेतलं.

"काका, फुली होती ना एकेचाळीसवर?"

"होती."

"नक्की?"

"दोनदा गिरवली होती."

धाकटे मालक म्हणाले, "म्हणजे तुमच्या दाजींनी पुसली. उशीर होत असला की पुसतात, आपण ऐकून आहोतच." आणि मिस्त्रीकडे बघितलं. ते बघणं विचारणारं होतं. मिस्त्रीने एक शब्द जरी काढला असता तरी त्यांनी पुढचं ऐकलं असतं. मिस्त्री मूग गिळून उभा राहिला. धाकटे मालक म्हणाले, "तुमचं नाव कुठेच येत नाही मग," आणि दार उघडून गेले.

झालं. वर्तमानपत्रात आलं की चालकाने धोक्याची खूण पुसून गाडी काढली. गावाला दोष द्यायला कुणीतरी हवंच असतं, आणि मेलेला माणूस उलट बोलत नाही. बहिणीच्या दारावर पहिल्या आठवड्यात कुणी तरी डांबर फासलं. किराणावाल्याने तिच्याशी बोलणं टाकलं. त्याचा पुतण्या गाडीत होता. भाची शाळेतून मधल्या सुट्टीत घरी आली आणि पुन्हा गेली नाही. आणि त्या नर्सिंगच्या मुलीची आई रोज सकाळी बहिणीच्या घरासमोर येऊन उभी राहायची. शिव्या नाहीत, दगड नाही. पाऊण तास दाराकडे बघायची आणि निघून जायची. बहीण आत खिडकी लावून बसायची. एकदा तिने दार उघडून बाईंना पाणी हवंय का विचारलं. बाईंनी मान हलवून नाही म्हटलं.

मिस्त्री रोज संध्याकाळी बहिणीकडे जाऊन बसायचा. डांबर त्यानेच रॉकेलने घासून काढलं. त्याचं ताठ मानेचं शरीर त्या दोन महिन्यांत खचलं. बायकोने वाढलेलं ताट तसंच राहायचं.

एका संध्याकाळी बहिणीने विचारलं, "दादा, तू त्यांना वीस वर्षं ओळखतोस. ते फुली पुसतील?"

"नाही."

"मग कोणी पुसली?"

"मला काय माहीत," मिस्त्री म्हणाला. सख्ख्या बहिणीच्या घरात, दाजींच्या खुर्चीवर बसून म्हणाला. त्या खुर्चीवर आपण बसलोय हे त्याला उठताना कळलं.

सरकारी चौकशी कँटीनमध्ये भरली. टेबलं भिंतीला लावली होती. चौकशीला आलेल्या बाई पन्नाशीच्या, चष्म्याच्या, स्वतः लिहून घेणाऱ्या. मृतांचे नातेवाईक मागे बाकांवर बसले होते. नर्सिंगच्या मुलीची आई होती, आणि तिच्यापासून दोन बाकं सोडून, एकटी, बहीण. तिच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं. खोली भरलेली असताना ते बाक रिकामं होतं. मिस्त्री आत आला तेव्हा त्याला आधी ते बाक दिसलं. घरून येताना त्याने काय बोलायचं ते पाठ केलं होतं. ते सगळं तिथेच संपलं.

बाईंनी विचारलं, "फुली तुम्ही घातली होती?"

"हो."

"मग ती गेली कशी? चालकाने पुसली?"

"नाही. यंत्रानं धुतली."

मागे कुजबुज झाली. बाईंनी पेन थांबवलं. "हा तुमचा अंदाज आहे?"

"अंदाज नाही. आधी एकदा तसंच झालं होतं. अपघाताच्या तीन आठवडे आधी, अठ्ठावीस नंबरच्या गाडीला."

"तेव्हा कुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही."

"का?"

मिस्त्रीने धाकट्या मालकांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"सांगितलं असतं तर पाट्या लावाव्या लागल्या असत्या," मिस्त्री म्हणाला. आणि मग, बाईंनी न विचारता, पाट्यांचं सगळं सांगितलं. कधी आल्या, कोणी आणल्या, आपण काय म्हणालो.

"त्या पाट्या आता कुठे आहेत?"

"माझ्या कपाटात. वरच्या फळीवर. दोरा बांधून दिलेला गठ्ठा आहे, त्याची गाठपण सोडलेली नाही मी."

बाई लिहीत राहिल्या. खोलीत पेनाचा आवाज येत होता. मिस्त्रीला वाटलं होतं, बोलल्यावर छातीवरचं ओझं उतरेल. लोक तसं सांगतात. काही उतरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सिंगच्या मुलीची आई मिस्त्रीच्या घरासमोर उभी होती. बायको खिडकी लावायला निघाली तेव्हा तो म्हणाला, "राहू दे उघडी."

आठव्या दिवशी बहीण आली. रविवार होता. बाहेर उभ्या असलेल्या बाईंना ओलांडून ती आत आली आणि चप्पल न काढता दाराशीच स्टुलावर बसली. वहिनीने पाणी आणलं, ते तिने हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

"पोर शाळेत जायला लागली," ती म्हणाली. "किराणावाला घरी येऊन गेला. रडला. तू बोललास ते बरं केलंस दादा. तुला सोपं गेलं नसेल, कळतं मला."

मिस्त्री मान खाली घालून ऐकत होता.

"एकच विचारायला आले. कंपनीला नाही सांगितलंस, समजू शकते. धाकट्या मालकांपुढे मान वाकवायची नव्हती, तेही समजू शकते. तुझा स्वभाव काय आज ओळखते मी? पण त्यांना का नाही सांगितलंस? दर रविवारी तुझ्यासमोर बसायचे, इथे. 'दाजी, हल्ली फुली धुतली जाते, जरा चौकशी करून गाडी काढा.' एवढंच बोलायचं होतं. तीन रविवार गेले मधे."

मिस्त्री म्हणाला, "त्यांचीच जास्त लाज वाटली. सगळ्या डेपोत त्यांचा एकट्याचा खडूवर विश्वास होता."

बहीण त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

"हो," ती म्हणाली. "म्हणूनच त्यांनी काच बघितली आणि चढले."

तिने पाण्याचा पेला खाली ठेवला, न पिता. उठली. "यापुढे आमच्याकडे येऊ नकोस. भांडण म्हणून नाही सांगत. तू दारात दिसलास की मला ते तीन रविवार दिसणार. मला पोरीला वाढवायचंय." वहिनीच्या खांद्याला हात लावून ती निघून गेली.

कोर्टाने मिस्त्रीला दीड वर्ष दिलं, ते त्याने भोगलं. कंपनी वाढत राहिली. दीडशे गाड्या झाल्या, मग दोनशे. पाट्या सगळीकडे लागल्या. सुटून आल्यावर तो आणखी नऊ वर्षं जगला. भाची कॉलेजला जाऊ लागली, तिचं लग्न झालं, तिला मुलगा झाला, हे सगळं त्याला बायकोकडून कळत गेलं. बहिणीचं घर पाच गल्ल्या सोडून होतं. तो गेला नाही, आणि तिने बोलावलं नाही.